नवीन रायफलची पहिली गोळी भलतीकडे जाते, मंग बॅरल ‘ब्रेक-इन’ करायचं का?

राम राम मंडळी. तूर फुलावर आली अन् डुकरं वावरात शिरायला लागली की मला दरवर्षी हाच फोन येतो. माणूस वेगळा पण बोलणं तेच. “भाऊ, नवी रायफल घेतली, थ्री फिफ्टीन (.३१५ बोअर), पहिली गोळी वीतभर वर गेली, मंग दोन-तीन बरोबर बसल्या, घरी येऊन साफसूफ केली अन् पुढच्या वेळी पुन्हा पहिली वीतभर वर. बॅरल (नळी) खराब लागली का? की ब्रेक-इन नाही केलं म्हणून असं होऊन राह्यलं?”

म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, फोनवर अर्धा अर्धा तास जातो माझा.

आधी माझं सांगतो, कारण मी यात चांगले बावीस राउंड वाया घालवले आहेत. आमचं वावर जंगलाला लागून, यवतमाळ जिल्ह्यात, एका बाजूला पऱ्हाटी, एका बाजूला तूर, अन् रात्री जागलीला बसलं नाही तर सकाळी रोह्यांनी (नीलगायींनी) अर्धा पट्टा झोपवलेला. बाबांकडे बारा बोअर होती. मी पीक संरक्षणाच्या लायसनवर .३१५ घेतली. नवीन रायफल घरात आली की माणूस लेकरासारखा होतो, दिवसभर पुसत बसतो. मंग मी इंटरनेटवर पाहिलं की नवीन बॅरलला म्हणे ब्रेक-इन लागते, म्हणजे एक गोळी मारा, बॅरल धातूपर्यंत साफ करा, पुन्हा एक मारा, पुन्हा साफ करा, असं दहा वेळा, त्याच्यानंतर तीन-तीन गोळ्या मारून साफ करा. जिल्ह्याच्या रेंजवर मी अख्खा दिवस हेच केलं. दुपारी दोन वाजता, मार्चच्या उन्हात, गोळी एक अन् सफाई वीस मिनिटं. रेंजवरचे एक रिटायर सुभेदार काका झाडाखाली बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, “बेटा, तू शूटिंग करून राह्यला की धुणं?”

तर मूळ मुद्दा, ब्रेक-इन हे आहे काय. पुष्कळ जणांना वाटते की ते नवीन ट्रॅक्टरसारखं आहे, पहिले ५० तास हळू चालवा, मंग ऑइल बदला. तसं नाही हो. ट्रॅक्टरमध्ये रिंगा अन् सिलिंडर एकमेकांना घासून घासून जमतात, तेच दोन भाग रोज एकमेकांसोबत राहतात. बॅरलमध्ये गोळी एकदाच जाते, सेकंदाच्या एक-दोन हजारांश वेळात, अन् गेली ती गेली, पुढची गोळी नवीन. तिथे कोणाचं कोणाशी जमायचं?

पण ब्रेक-इनमागं एक खरं कारण आहे, ते समजून घ्या. काडतूस बसते ते चेंबर, अन् नळीच्या आतून गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा म्हणजे आट्या. चेंबर संपून जिथे आट्या सुरू होतात त्या जागेला थ्रोट म्हणतात. बॅरलच्या आतल्या आट्या लांबीनं जातात, चांगल्या महाग बॅरलला तर आतून शिशाचा गोळा अन् पेस्ट लावून हातानं घासून गुळगुळीत केलेलं असते, त्याला लॅपिंग म्हणतात. पण चेंबर अन् थ्रोट नंतर रीमर नावाच्या कापायच्या हत्यारानं कापतात, अन् रीमर गोल फिरतो, म्हणून त्याचे ओरखडे आडवे पडतात. नांगरलेल्या वावरात तासाच्या दिशेनं बैलगाडी नेली तर चालून जाते, आडवी नेली की माणूस खाली पडायला होते, तसंच गोळीचं. त्या आडव्या ओरखड्यांवर गोळीच्या जॅकेटचं, म्हणजे वरच्या कवचाचं, तांबं खरवडल्या जाते, गरम गॅसमध्ये मिसळते अन् पुढे नळीत जाऊन बसते. त्याच्यावरून पुढची गोळी गेली की आणखी बसते. थ्रोटचे ओरखडे पहिल्या काही गोळ्यांनी आपोआप घासून कमी होतात. मधे मधे तांबं काढत राहिलं तर ते लवकर होते, असं ब्रेक-इनवाल्यांचं म्हणणं. अमेरिकेत क्रीगरसारखे नावाजलेले बॅरल बनवणारे स्वतः ही पद्धत सांगतात, अन् तिथलेच गेल मॅकमिलन, तेही बॅरल बनवणारेच, हे सगळं थोतांड आहे असं उघड बोलायचे. दोघंही त्या धंद्यातले मोठे. मंग आपण यवतमाळात बसून कोणाचं ऐकायचं?

मी म्हणतो कोणाचंच नाही, आपली चिंदी काय सांगते ते पाहा.

चिंदी म्हणजे तीच, एनसीसी केली असेल तर माहीत आहे, नळी पुसायचं चार इंच बाय दोन इंचाचं फलालिनचं कापड. आता इथे माझी सगळ्यात मोठी फजिती झाली ती सांगतो, कारण पुष्कळ फोन याही भानगडीचे असतात. मी तांबं काढायचं अमोनियावालं सॉल्व्हंट आणलं. ते तांब्याला लागलं की निळं होते, डिट्टो मोरचूद, संत्र्याच्या झाडाला बोर्डो लावताना बादलीत जो रंग दिसतो तोच. ओसरीवर रायफल ठेवली, मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून त्याचं डोकं वर उचललं अन् बोल्ट बाहेर काढला, मंग मागून सॉल्व्हंटची चिंदी घातली. बाहेर आली, निळी. दुसरी, निळी. पितळी तारेचा ब्रश मारला, पुन्हा चिंदी, आणखी निळी. पंधरा चिंद्या झाल्या तरी निळीच. आई आतून आली, म्हणाली घरात मोरचूद काहून आणलं रे, अन् हा वास कशाचा, डोळे चुरचुरून राह्यले. मला वाटलं बॅरलमध्ये किलोभर तांबं आहे.

मंग सहज, कंटाळून, मी तीच ओली चिंदी सफाईच्या रॉडच्या टोकाला चिंदी अडकवायचं जे पितळी जॅग असते त्याच्यावर घासली. निळी झाली! पितळात तांबंच असते न बाप्पा. मी बॅरल साफ करत नव्हतो, मी जॅग अन् ब्रश धूत होतो. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचं जॅग अन् नायलॉनचा ब्रश मागवला. त्यानं केलं तर तिसऱ्या चिंदीला रंग फिका, पाचव्याला पांढरी. म्हणून ज्याची चिंदी कधीच पांढरी होत नाही त्यानं पहिले स्वतःचा सामान तपासावा. बॅरल बिचारी निर्दोष असते.

आता पहिली गोळी वर जाण्याचं. याचा अन् ब्रेक-इनचा काहीही संबंध नाही, हे तेलाचं अन् साफ नळीचं काम आहे. आपण साफ करून झाल्यावर शेवटची तेलाची चिंदी मारतो, बरोबर आहे, मारलीच पायजे, नाहीतर गंज चढतो. पण तसंच तेल ठेवून रेंजवर किंवा वावरात गेलो की पहिली गोळी ओल्या नळीतून जाते, पुढच्या कोरड्या अन् काजळी बसलेल्या नळीतून. दोघींचा रस्ता सारखा कसा राहील? मी तीन वेगवेगळ्या दिवशी करून पाहिलं, ५० मीटरवर, सँडबॅगवर टेकवून. एक दिवस तेल तसंच ठेवलं, पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा चार बोटं वर. दुसऱ्या दिवशी आधी दोन कोरड्या चिंद्या मारल्या, चेंबर वेगळ्या कापडानं कोरडं केलं, तर पहिली दोन बोटंच वर. अन् तिसऱ्या वेळी मी साफच केलं नाही, मागच्या वेळची काजळी तशीच राहू दिली, तर पहिली गोळी सरळ बाकीच्या गोळ्यांच्या घोळक्यात. त्या दिवशी मी माश्या मारत बसलेल्या सुभेदार काकांना चहा पाजला.

चेंबरमधलं तेल तर नेम बिघडवण्यापेक्षाही वाईट. गोळी सुटताना काडतुसाचं पितळी कवच फुगून चेंबरच्या भिंतीला धरते अन् मागचा बराच जोर ती भिंत घेते. चेंबर तेलकट असलं की ते कवच घसरते अन् सगळा जोर बोल्टवर येतो. आपल्या रायफलीचा बोल्ट जुन्या ली-एनफिल्डच्या, म्हणजे फौजेतल्या थ्री नॉट थ्रीच्या, धाटणीचा, बोल्ट अडकवून धरणारी कुलपं मागच्या बाजूला, म्हणून यात जास्त जपायचं. ओली काडतुसं, पावसात भिजलेली काडतुसं, हेच लागू.

बरं मंग नवीन रायफल हातात आल्यावर करायचं काय, हे विचारता म्हणून माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. फॅक्टरीतून येते तेव्हा आत गंज न लागण्यासाठी ग्रीस किंवा जाड तेल असते, ते पहिले काढायचं. रॉकेलच्या चिंदीनंही निघते, काळं-पिवळं काय काय येते बाहेर. ते नाही काढलं अन् तशीच गोळी मारली तर पहिल्याच दिवशी ‘बॅरल खराब’ म्हणून बोंब. मंग कोरडी करायची. मंग पाच गोळ्या, हळूहळू, बॅरल हाताला सोसेल एवढी थंड होऊ देऊन. त्यानंतर एकदा तांबं तपासायचं, प्लॅस्टिकच्या जॅगनं. चिंदी गच्च निळी आली तर थ्रोट खरखरीत आहे समजा, साफ करा, आणखी पाच मारा, पुन्हा पाहा. दुसऱ्या वेळी निळा कमी आला म्हणजे थ्रोट आपोआप घासली जाऊन राह्यली, झालं ब्रेक-इन, आणखी काही पूजा नाही. पहिल्याच वेळी फिका निळा आला तर तेवढंही करू नका. या दहा गोळ्या तुम्ही नाहीतरी साइट (नेम धरायची माशी) जुळवायला मारणारच होता, म्हणजे राउंड एकही जास्तीचा गेला नाही. माझ्यासारखे बावीस राउंड फक्त धुण्यात घालवू नका, लायसनवर जेवढे राउंड चढतात तेवढ्यातच भागवायचं असते, अन् एकेका काडतुसाचा भाव तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक. परदेशातले लोक वर्षाला हजारो गोळ्या मारतात, त्यांची थ्रोट गरम गॅसनं जळून जाते, म्हणून त्यांना बॅरलच्या आयुष्याची चिंता. आपण वर्षाला किती मारतो? वीस? तीस? आपली बॅरल गोळ्यांनी कधीच संपणार नाही. आपली बॅरल मरते दोन गोष्टींनी, रॉडनं अन् गंजानं.

रॉडचं पहिले. आमच्याकडं अजूनही लोक तोंडाकडून सळई घालतात, लोखंडी, जोड असलेली, कधी कधी तर खिडकीच्या गजाची केलेली. बॅरलचं तोंड, जिथून गोळी शेवटची बाहेर पडते, ती कड एकदम सारखी पायजे. तिथे सळई घासून घासून एका बाजूला झिजली की मागचा गॅस गोळीच्या एका बाजूनं आधी सुटतो अन् गोळीला जाता जाता धक्का देतो. बाबांच्या दोस्ताची एक जुनी रायफल मी पाहिली आहे, तोंडाशी टॉर्च लावून आत पाहिलं तर कड गोल राहिली नव्हती, हरभऱ्याच्या दाण्यासारखी एका बाजूला चोच निघाली होती. ती रायफल पन्नास मीटरवर फुटाच्या ताटलीत पाच गोळ्या ठेवत नव्हती, अन् ते काका वीस वर्षं साइटला शिव्या देत होते. लायसनवाल्या गनस्मिथकडून तोंड नव्यानं कापून घेतलं, सुधारली. म्हणून बोल्ट काढा अन् मागूनच रॉड घाला, एकसंध रॉड, प्लॅस्टिकचं कव्हर असलेला मिळाला तर उत्तम, अन् हँडल फिरतं पायजे म्हणजे चिंदी आट्यांसोबत वळते. पुलथ्रू असेल, कुंद्याच्या (रायफलच्या लाकडी दस्त्याच्या) मागच्या झाकणात तेलाच्या बाटलीसोबत ठेवायची ती दोरी, तर तीही मागून टाकून पुढून ओढायची, पण ओढताना सरळ रेषेत ओढा. एका बाजूला वाकवून ओढली की दोरीही कड कापते, विहिरीच्या काठावरच्या दगडाला कशा खाचा पडतात पाहिलं न.

आता गंज. २०२४ साली आपल्याकडं दोन निवडणुका लागल्या, एप्रिलमध्ये लोकसभा अन् नोव्हेंबरमध्ये विधानसभा, दोन्ही वेळा रायफल ठाण्यात जमा. एप्रिलच्या वेळी मी शहाणपणा केला, जमा करायच्या आदल्या दिवशी सॉल्व्हंटनं चकाचक साफ केली, कोरडी चिंदी मारली अन् तशीच दिली. तेल लावायचं राहून गेलं. सॉल्व्हंटनं सगळं जुनं तेल काढून टाकलेलं, आत उघडं लोखंड, वरून रेक्झिनचं कव्हर ज्याच्या आतल्या फोममध्ये घाम अन् ओल धरून राहते. रायफल परत घेतली तेव्हा पहिल्या चिंदीवर विटकरी रंग. नशीब वरवरचा होता, तेल लावून रात्रभर ठेवून निघाला. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. नोव्हेंबरमध्ये तेल लावून दिली, कव्हर घरीच ठेवलं, सुती कापडात गुंडाळून दिली, जशी गेली तशी आली.

तेल कोणतं, हेही विचारतात. बंदुकीचं मिळालं तर ते, नाहीतर शिलाई मशीनचं पातळ तेल चालते. खोबरेल नको, हिवाळ्यात थिजते अन् बोल्ट पहाटे जागलीवर चिकटून बसतो. जवसाचं तेल बॅरलला चुकूनही नाही, ते हवेत सुकून वार्निशसारखं कडक होते. तेच जवस कुंद्याच्या लाकडाला मात्र अमृत, दोन थेंब तळहातावर घेऊन चोळा, लाकूड ओल कमी पिते.

लाकडावरून आठवलं, हे बॅरलच्या आधी तपासायला पायजे होतं पण लिहिता लिहिता मागं पडलं. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आपल्याकडं पंचेचाळीस डिग्रीत आटते, अन् कुंद्याचे स्क्रू ढिले होतात. जून ते सप्टेंबर रायफल कपाटात होती अन् दिवाळीला काढली तर नेम हललाच म्हणून समजा. पुढच्या लाकडाचा दाब बॅरलवर बदलला की गोळी एका बाजूला सरकते, अन् आपण बॅरल घासत बसतो. म्हणून क्रम असा ठेवा की पहिले स्क्रू, मंग साइट हलते का, मंग तेल कोरडं केलं का, मंग काडतुसं मागच्याच लॉटची आहेत का, अन् सगळ्यात शेवटी बॅरल. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी पहिल्या तीनमध्येच मिटल्या.

काडतुसं फार जुनी असतील, कोणाच्या आजोबांच्या पेटीतली वगैरे, तर ती मारूच नका हे पहिलं. पण जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळल्यावर मिठासारखा क्षार उरतो अन् तो हवेतली ओल ओढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणूनच थ्री नॉट थ्रीच्या काळात फौजेतली माणसं उकळतं पाणी ओतून बॅरल धुवायची. ते वेडे नव्हते. पाण्यानं धुतलं की नळी गरम असतानाच कोरडी करून लगेच तेल, एवढं पाळायचं.

पॉइंट टू टू (.२२) रायफलवाल्यांसाठी दोन ओळी, कारण एनसीसीतली पोरं विचारतात. त्यात गोळी शिशाची, वरून मेण-चरबीसारखं वंगण, तांबं नाहीच, म्हणून अमोनियाच्या सॉल्व्हंटचा काही उपयोग नाही. तिथे उलटं आहे, साफ केल्यावर ते वंगण पुन्हा नळीत बसेपर्यंत दहा-वीस गोळ्या इकडे तिकडे जातात. मॅचच्या आदल्या रात्री बॅरल चकाचक करणारा पोरगा सकाळी रडत असतो.

शेवटी साफ कधी करायची? घोळका मोठा व्हायला लागला तेव्हा. मी एक चाळीस पानी वही ठेवली आहे, तारीख, किती गोळ्या, आधी साफ होती का काजळीची, पहिली कुठे गेली, एवढंच. माझी रायफल पंचवीस-तीस गोळ्यांपर्यंत एकसारखी चालते, मंग पसरते. तुमची वेगळी असेल, दोन सारख्या बॅरली मी अजून पाहिल्या नाहीत. त्याआधी फक्त कोरडी चिंदी अन् ठेवताना तेल, अन् नेताना ते तेल पुसून काढणं. वावरात नेण्याआधी वनखात्याची परवानगी हातात आहे का तेही पाहा, नाहीतर डुक्कर राहील बाजूला अन् तारखा तुमच्या लागतील.

अन् तीस गोळ्या झाल्या, प्लॅस्टिकचं जॅग वापरलं, तरी दर पाच गोळ्यांनी चिंदी गच्च निळीच येऊन राह्यली, तर थ्रोटमध्ये खरंच काही राहिलं आहे. तेव्हा लायसनवाल्या गनस्मिथला दाखवा. गावातल्या लेथवाल्याकडून वॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून घासून घेऊ नका, आमच्या शेजारच्या गावात एकानं ते केलंय, त्याची रायफल आता आतून एवढी गुळगुळीत आहे की आट्याच शोधाव्या लागतात.